वय ३८, आजवर फँटसी वाचलेली नाही. आता वाचायला घेतली तर पोरकट दिसेल का? सुरुवात हॅरी पॉटरने करू की लॉर्ड ऑफ द रिंग्जने?

पोरकट नाही. आणि सुरुवात दोन्हींपैकी कशानेच करू नका. अमेरिकन लेखिका उर्सुला ली ग्विन यांच्या 'अर्थसी' या फँटसी मालिकेने करा.

'पोरकट' हा शब्द माझा थोरला भाऊ गेली बारा वर्षं मला ऐकवतो आहे. दादा कॉलेजात मराठी शिकवतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या लग्नात सासरच्यांनी नाव बदलायचं ठरवलं. मला विचारलं कुणीच नाही. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायला घेतलं. चार अक्षरी होतं. शेवटच्या अक्षराला ताटाची कड आली, काना काढायला जागा उरेना. तेव्हा नणंदेने बोटाने तांदूळ सारून जागा करून दिली. व्हिडिओवाला म्हणाला, वहिनी, ताटाकडे बघा. पाठवणीच्या आधी मी दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मला हे नाव नको आहे. तो म्हणाला, "अगं, नावात काय एवढं? हाक मारण्यापुरतं तर आहे."

नऊ वर्षांनी फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' मिळालं, अर्थसीचा दुसरा भाग. घेतलं होतं दादाच्याच मुलीसाठी, ती तेव्हा तेरा वर्षांची होती. गाडीत सहज उघडलं. सुरुवातीलाच सफरचंदाची बाग आहे, संध्याकाळ झाली आहे आणि आई हाक मारते आहे, तेनार, घरी ये. पोरगी धावत येते. दारात उभा असलेला बाप बायकोला म्हणतो, जी आपली राहणार नाही तिच्यात कशाला जीव गुंतवतेस? कारण ही मुलगी थडग्यांच्या देवळातली मुख्य पुजारीण मेली त्याच रात्री जन्मली आहे, म्हणजे तिचाच पुनर्जन्म. पाचव्या वर्षी तिला घेऊन जातात. मग विधी. तिला गुडघ्यांवर बसवतात, मानेवर तलवार उगारतात आणि मधेच थांबवतात. तिचं नाव अंधारातल्या देवतांनी खाल्लं, असं जाहीर होतं. त्यानंतर ती अर्हा, म्हणजे 'जिला खाऊन टाकलं आहे ती'.

थडग्यांखालच्या गुहेत उजेड न्यायला बंदी, तिथला भुलभुलैया ती हाताने चाचपून पाठ करते. एक दिवस त्या काळोखात तिला उजेड दिसतो. गेड नावाचा जादूगार तिथे घुसलेला असतो. ती त्याला कोंडून ठेवते, मारत मात्र नाही. आणि तो तिला तिच्या नावाने हाक मारतो. तेनार. दुसऱ्या दिवशी उघड्या आभाळाखाली ती स्वतःशीच म्हणते की माझं नाव मला परत मिळालं. मी हे वाचलं तेव्हा गाडी घाटकोपरला उभी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी माझं जुनं नाव उच्चारलं. ओठातल्या ओठात असेल, पण शेजारच्या बाईंनी विचारलं, काही म्हणालात का?

एवढी 'मोठ्यांची' मराठी पुस्तकं वाचली होती, दादानेच आणून दिलेली. त्यांतल्या एकाही पुस्तकाने मला हे दिलं नव्हतं. दिलं ते १९७१ सालच्या एका किशोरांच्या पुस्तकाने. अर्थसीत सगळी जादू खऱ्या नावावर चालते. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर ताबा येतो, म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. दादाला मी हेच सांगितलं. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसत, घेतलंच तर उखाण्यात. नावात काही नसतं तर उखाणे कशाला लागले असते? त्यावर तो म्हणाला, चाळिशी आली तरी तुझे ड्रॅगन सुटत नाहीत. स्वतः मात्र फास्टर फेणेची पारायणं करत वाढला, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न अजून जपून ठेवला आहे.

मालिकेचा पहिला भाग 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८चा. प्रकाशकाने ली ग्विनना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हटलं. त्यांना प्रश्न पडला, गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचेच का, ते तरुणपणी शिकले कुठे? त्यातून जादूगारांची शाळा आली, हॅरी पॉटरच्या २९ वर्षं आधी. गेडचा रंगही त्यांनी मुद्दाम तांबूस-सावळा ठेवला.

तुम्ही विचारलेल्या दोन पुस्तकांबद्दल थोडक्यात. हॅरी पॉटर मराठीतही मिळतं, पण ३८व्या वर्षी पहिले दोन भाग पातळ वाटतील, रंग चढतो तिसऱ्यापासून. लॉर्ड ऑफ द रिंग्ज थोर आहे, पण सुरुवातीच्या वाढदिवसाच्या मेजवानीतच नवखे वाचक पुस्तक मिटतात. 'व्हील ऑफ टाइम'च्या चौदा खंडांना इतक्यात हात लावू नका. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले, शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसननी पुरे केले.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. अर्थसीच्या पहिल्या भागात बायका जवळपास नाहीतच. उलट बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट, अशी म्हणच त्यात आहे. मला तेव्हा राग आला होता. ली ग्विननी त्याचा हिशेब १९९०च्या 'तेहानू'त चुकता केला. त्यात तेनार शेतकऱ्याची विधवा आहे, गाव तिला गोहा म्हणतं, म्हणजे छोटा पांढरा कोळी. पण त्यात एका लहान मुलीवर भयंकर अत्याचार झालेला आहे, तेव्हा घरात मुलं असतील तर हा भाग त्यांच्या हाती लगेच देऊ नका. आणि नाव बदललेल्या प्रत्येकीला माझ्यासारखं वाटतं असंही नाही. माझ्या धाकट्या जावेने नवं नाव स्वतः निवडलं आणि तिला ते मनापासून आवडतं.

भाचीने पुस्तक दोनदा वाचलं. गेल्या भाऊबीजेला मी तेच दादाच्या हातात दिलं आणि म्हटलं, सगळं नको, आई हाक मारते तेवढी पानं वाच. त्याने अजून काही कळवलेलं नाही. पण परवा फोनवर त्याने मला माझ्या जुन्या नावाने हाक मारली.