फादर अग्नेल नक्की कोण?

प्रश्न: आमची मुलगी वाशीच्या फादर अग्नेल शाळेत आहे. ही शाळा त्यांनीच काढली का? ते संत होते का?

उत्तर: नाही हो, हा गैरसमज खूप जणांचा असतो. फादर अग्नेल 1927 सालीच गेले, आणि त्यांच्या नावाचा आश्रम वांद्र्याला सुरू झाला 1957 मध्ये, म्हणजे तब्बल 30 वर्षांनी, अन् शाळा-कॉलेजचा सगळा पसारा त्यातूनच पुढे वाढत गेला. हा आश्रम उभा केला पिलार सोसायटी या गोव्यातल्या मिशनरी संस्थेच्या फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज यांनी, त्यांचं नाव मात्र पालकांना फारसं माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अग्नेल डिसोझा मूळचे गोव्यातल्या हणजुण्याचे, जन्म 1869 चा. 1898 मध्ये धर्मगुरू झाले, पिलारच्या मठात राहिले आणि शेवटची काही वर्षं राशोल सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, भावी पाद्र्यांना आध्यात्मिक मार्गदर्शन करायचे. अगदी साधं, प्रार्थनेचं आयुष्य! अजून संत नाहीत, पण 1986 मध्ये चर्चने त्यांना ‘पूजनीय’ जाहीर केलंय, ही संतपदाच्या वाटेवरची पायरी. पिलारला त्यांची समाधी आहे, गोव्याला गेलात तर मुलीला नक्की दाखवा.