एकच जनुक काढलं, तर उंदराच्या मूत्रपिंडाच्या गाळणीतली बाकीच्या जनुकांचं काम का बदलतं?

कारण गाळणीतल्या पेशींना बिघाड जाणवतो आणि त्या त्याला प्रतिसाद देतात. अल्पोर्ट या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. कोलॅजन-4 या आधार देणाऱ्या प्रथिनाचा एक धागा बनवणारं कोल4ए3 हे जनुक बंद केलेले उंदीर 1996 मध्ये तयार झाले. त्यांच्या गाळणीच्या पडद्यात कोलॅजन-4 चं पक्कं जाळं विणलंच जात नाही, गर्भातलं कच्चं जाळंच पुढे चालू राहतं. रक्तदाबाने ते ताणलं जातं आणि मग पडदा कापणाऱ्या एन्झाइम्सची, दाहाची, व्रणाची जनुकं जोर धरतात.

हे मोजण्याची पद्धत मला फार सुंदर वाटते. उंदराच्या हृदयातून साडेचार मायक्रॉनचे चुंबकीय मणी सोडतात. ते गाळण्यांच्या केशवाहिन्यांत अडकतात. मूत्रपिंडाचे बारीक तुकडे करून एन्झाइमने सैल केले आणि चुंबक लावला, की गाळण्या वेगळ्या निघतात. मग त्यांतला आरएनए, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे ते सांगणारी जनुकाची नक्कल, मोजायचा.

एक मात्र नीट पाहा. नेफ्रिन या गाळणीतल्या प्रथिनाच्या जनुकाचा आकडा घसरला म्हणजे ते जनुक मंदावलं असंच नाही. नेफ्रिन बनवणाऱ्या, गाळणीच्या पडद्याला बाहेरून चिकटलेल्या पोडोसाइट पेशीच गळून लघवीवाटे गेलेल्या असू शकतात. म्हणून पेशी मोजल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका.