पुण्याहून शनिवार-रविवार बेळगावला नाटक बघायला जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, जरूर या. तुम्ही पुढं विचारलंय, ‘पुण्यात एवढी नाटकं असताना तिथं वेगळं काय मिळणार, आणि तिकडचं मराठी आम्हाला कळेल का?’ ते वाक्य टोचलं म्हणून लिहायला बसलो.

शहरात नाटक म्हटलं की कोनवाळ गल्लीतलं लोकमान्य रंगमंदिर. तिथं बहुतेक पुण्या-मुंबईची दौऱ्यावरची नाटकं येतात, आणि ती तुम्ही घराजवळच बघितलेली असणार. त्यासाठी साडेतीनशे किलोमीटर येऊ नका. सुगी आटपली की आमच्याकडं खेडोपाडी यात्रा सुरू होतात, तेव्हा गावातलीच माणसं उभं करतात ते नाटक बघायला या.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. १९९८ साली यात्रेला एक सामाजिक नाटक बसवलं, मी प्रॉम्प्टर. नाटकातल्या थोरल्या भावाच्या कामाला माणूस मिळेना, तेव्हा शेजारच्या गावचे गिरणीवाले अण्णा तयार झाले. घरात कन्नड, शाळा कन्नड. मराठी बोलायचे, खरं वाचता येत नव्हतं. त्यांनी दोनशे पानी वहीत आपलं सगळं काम कन्नड अक्षरांत उतरवून घेतलं. मी सांगायचो, ते लिहायचे, गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात.

अडचण च आणि ज ची. कन्नड लिपीत च एकच. चहाचा च आणि चुलीचा च वेगळा, हे कागदावर दाखवायचं कसं? मग मी लाल पेनानं खाली ठिपके दिले. ‘ठिपका दिसला की जीभ दाताला,’ एवढा एकच नियम. त्यांचं मुख्य वाक्य होतं, ‘चूल वेगळी झाली तरी जमीन एकच राहील.’ तीन ठिपके. दीड महिना दळण टाकायला येणाऱ्या बायकांनी ते वाक्य ऐकलं, त्यांनाही पाठ झालं असेल.

नाटकाच्या रात्री पहिल्या रांगेत आमचे दाजी, बहिणीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पुण्याचे. अण्णांनी वाक्य घेतलं. चूल बरोबर आली, जमीन ज्यमीन झाली. दाजी मोठ्यानं हसले. अण्णा थांबले. मला वाटलं, विसरले, म्हणून मी आतून शब्द दिला. त्यांनी माझ्याकडं न बघता हात जरासा हलवला, म्हणजे गप्प. आणि तेच वाक्य पहिल्यापासून, सावकाश, तिन्ही ठिपके जागच्या जागी ठेवून म्हटलं. मागच्या पोत्यांवरून एक म्हातारा ओरडला, ‘होय की!’

रात्री दोन वाजता चहा घेताना दाजी मला म्हणाले, ‘भाषाच शुद्ध नसेल तर नाटक कसलं?’ अण्णा शेजारीच तोंडाचा रंग पुसत होते. त्यांनी दाजींना विचारलं, ‘जेवलासा काय?’

दाजींना तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते आता देतो. ज्या पुण्यात १८८० साली ‘शाकुंतल’ उभं राहिलं, त्या पुण्यानं ते करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर कुठले हे आधी बघावं. आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याच्याही आधी १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. मराठी नाटकाच्या मुळाशी कन्नड पाणी आहे. २०१५ चं अखिल भारतीय नाट्यसंमेलन बेळगावात भरलं, फैयाजबाई अध्यक्ष होत्या, तेव्हाही दाजींना या म्हणून फोन केला होता. आले नाहीत.

तुम्ही राहायचं कुठं तेही विचारलंय. बसस्टँडच्या आसपास लॉज भरपूर आहेत. कुंदा न्या, मांडे मिळाले तर जास्त चांगलं. गोकाक बाजूला श्रीकृष्ण पारिजाताचा खेळ असेल तर कन्नड येत नसलं तरी बसा, गाण्यावरच रात्र सरते.

आणि हो, आधी सांगायला हवं होतं, दर शनिवारी नाटक असतंच असं नाही. यात्रेच्या तारखा गाव ठरवतं, त्या विचारून मगच तिकीट काढा. पावसाळ्यात काही नसतं. पत्रिकेवर नऊ लिहिलेलं असलं तरी पडदा साडेदहा-अकराच्या आत उघडत नाही, आणि संपल्यावर शहरात परतायला बस नसते. गाडी सांगून ठेवा, चादर बरोबर घ्या. पाहुणे म्हणून तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतील. तिथून हसलेलं स्टेजवर स्पष्ट ऐकू येतं.