कॅनडाला निघायच्या आधी इंदिरानगरच्या फ्लॅटचं काय करायचं

भाऊ, तुम्ही विचारलंय की 2013 ला घेतलेला, सध्या राहताय तो इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने देऊन निघू का आणि टोरंटोला उतरल्यावर लगेच घर घेऊ का. मी पण नाशिकचाच, आता टोरंटोजवळ मिसिसागात असतो, हे दोन्ही मी केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅटचा निर्णय प्लीज विमानात बसायच्या आधी घ्या. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर विकताना रेसिडेंट म्हणजे टॅक्ससाठी भारताचा रहिवासी असलेल्या माणसाला नफ्यावर 12.5 टक्के किंवा इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) लावून 20 टक्के, जो टॅक्स कमी बसेल तो भरता येतो, एनआरआय झालात की ही सवलत गेली, वर घेणाऱ्याला टीडीएसही (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) बराच जास्त कापावा लागतो, मग कमी टीडीएसचं सर्टिफिकेट काढा नाहीतर रिफंडची वाट बघत बसा. भाड्याचंही तसंच, भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापून सरकारला भरायचा असतो, बहुतेकांना हे माहितीच नसतं, माझ्या भाडेकरूला मी तीन वेळा फोन करून समजावलं.

ठेवायचाच असेल तर निघायच्या आठवड्यात सरकारमान्य व्हॅल्युअरकडून रिपोर्ट करून घ्या. कॅनडा तुम्ही इकडे रेसिडेंट झालात त्या दिवशीचा बाजारभाव हीच खरेदी किंमत धरतो, आधी वाढलेल्या किमतीवर इकडे टॅक्स नाही. मी रिपोर्ट केला नाही, आता तेव्हाचा भाव सिद्ध करायचे कागद गोळा करतोय.

आता इकडचं घर. पहिल्या घरासाठी एफएचएसए नावाचं खातं आहे, वर्षाला 8,000 डॉलर, एकूण 40,000, टाकले की उत्पन्नातून वजा आणि घर घेताना काढले तरी टॅक्स नाही, इतकी चांगली सोय दुसरी नाही. पण चालू वर्षात किंवा मागच्या 4 वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होतात तर ते उघडता येत नाही, आणि ते घर नाशिकला असलं तरी धरतात! म्हणजे तुम्हाला थांबावंच लागेल.

थांबण्यात नुकसान नाही हो. राहत्या घराच्या नफ्यावर इकडे टॅक्स नाही म्हणून सगळे घराकडे धावतात, पण राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर सूटही नाही. मी 2022 च्या सुरुवातीला व्हेरिएबल म्हणजे बदलत्या व्याजदराच्या कर्जावर घेतलं, भाव तेव्हा शिखरावर होते, आणि मार्च 2022 ते जुलै 2023 मध्ये बँक ऑफ कॅनडाने (इकडची रिझर्व्ह बँक) रेट 0.25 वरून 5 टक्क्यांवर नेला. हप्ता वाढत गेला तसं नाशिकला आईबाबांना पैसे पाठवणं कमी करावं लागलं, ते अजून मनाला लागतं. चार-पाच वर्षं भाड्याने राहा, नोकरी कुठे स्थिरावते बघा.

फ्लॅट एकट्याच्या नावावर आहे की वहिनींबरोबर जॉइंट, आणि कर्ज किती बाकी आहे तेवढं कळवा, मग विकायचा की ठेवायचा ते आकडे मांडून बघू.