आयर्लंडच्या दुष्काळात भारतातून खरंच मदत गेली होती का?

हो, आणि ती अगदी सुरुवातीच्या परदेशी मदतीपैकी होती. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं पोट जवळजवळ त्या एकाच पिकावर चालायचं. १८४६ मध्ये कलकत्त्यात वर्गणी काढून सुमारे १४,००० पौंड उभे राहिले. देणाऱ्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले आयरिश शिपाई बरेच होते, म्हणजे घरच्यांसाठीच घास काढून ठेवल्यासारखं.

व्हिक्टोरिया राणीने २,००० पौंड दिले आणि तुर्की सुलतान अब्दुलमजीदने १,०००. (सुलतान दहा हजार देणार होता, पण राणीचा मान राखायला त्याला थांबवलं, ही गोष्ट खूप फिरते, मी ती ऐकीव समजतो.)

मला सगळ्यात मोठी वाटते ती मात्र १७० डॉलरची मदत. अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी १८४७ मध्ये ती जमवली. जेमतेम पंधरा वर्षांपूर्वी त्यांनाच आपल्या जमिनीवरून हुसकावलं होतं आणि वाटेत हजारो मेले होते. कॉर्कजवळ मिडलटन गावात आज त्यांचं स्मारक आहे: नऊ स्टीलची पिसं, वाडग्यासारखी गोल उभी केलेली.

एवढं होऊनही दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. आणि त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जातच होतं.