लिंपेट खडकाला चिकटून आयुष्यभर एकाच जागी बसतो का?

नाही हो, फिरतो. ब्रिटन-आयर्लंडच्या थंड, खडकाळ किनाऱ्यांवर जो कॉमन लिंपेट दिसतो (एक समुद्री गोगलगाय, चपट्या टोपीसारखा शंख, जास्तीत जास्त ५-६ सेंटिमीटर) तो ओहोटीला आपल्याला दिसतो म्हणून बसलेलाच वाटतो, पण बऱ्याच ठिकाणी भरतीचं पाणी वर आलं की तो खडकावरचं शेवाळ खरवडत हिंडतो आणि पाणी उतरायच्या आत स्वतःच्याच जागेवर परत येतो, बहुतेक वेळा स्वतःच्याच चिकट स्रावाच्या मागावरून. मऊ खडक असेल तर शंखाची कड घासून घासून तिथे बरोब्बर मापाची खाच पडते, कडक असेल तर शंखच खडकाच्या आकाराने वाढतो. फिटिंग एवढं पक्कं की आत पाणी टिकतं आणि उन्हा-वाऱ्यात प्राणी सुकत नाही.

पकड म्हणाल तर मांसल पाय आणि तो चिकट स्राव. धक्का लागला की आणखी घट्ट बसतो, मग हाताने निघणं विसरा. उगाच उपटायला जाऊ पण नका, जखमी होतो बिचारा.

मला विचाराल तर खरी भारी गोष्ट म्हणजे दात! एक मिलिमीटरपेक्षा लहान, त्यात गोएथाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक तंतू, आणि २०१५ मध्ये पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीच्या टीमने ताणून बघितले तर ताकद कोळ्याच्या धाग्यापेक्षाही जास्त निघाली. आणि हो, या लिंपेटांतले बरेचसे आधी नर असतात, मोठे झाल्यावर मादी होतात.