ठेव मोडून फवारणीची औषधं आधीच भरावीत का?

नमस्कार. तुमच्या कपाशीला हंगामात साधारण सहा फवारण्या होतात. सहाही फवारण्यांच्या औषधांचा संच पेरणीआधी उचलला, तर विक्रेता 15 टक्के सवलत देतोय. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर स्पष्ट आहे: मोडू नका.

सवलतीचा हिशेब मांडून बघा. सहा फवारण्यांच्या औषधाची किंमत 100 धरली, तर सवलतीत ती 85 पडते. पण पाचच फवारण्या लागल्या, तर पूर्ण भावानेही खर्च 83 वरच थांबतो. चार लागल्या, तर 67. एक फवारणी टळली की सवलत फिटली, वर त्या दिवसाची मजुरीही वाचली. ठेव मुदतीआधी मोडल्याने बुडणारं व्याज मी यात धरलेलंच नाही.

आणि फवारणी टळते. बियाणं कीटकनाशकाची बीजप्रक्रिया केलेलं असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे रसशोषक किडींपासून रोपाला संरक्षण असतं. संचातली पहिली फवारणी बहुधा तिथेच निघून जाते. पुढे पानं लाल झाली की घाबरून फवारलं जातं. आधी पान उलटून बघा. तिरकी पळणारी हिरवट पिल्लं दिसली तर तुडतुडे आहेत. दर पानाला सरासरी दोन-तीन भरली की फवारणीचा खर्च वसूल होतो. काहीच दिसत नसेल, तर तो लाल्या बऱ्याचदा नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडल्याचा असतो. त्यावर कीटकनाशक म्हणजे पैसे पाण्यात.

गुलाबी बोंडअळीचा मामला वेगळा आहे, तिथे कंजूषी नको. अळी बोंडात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून वेळ चुकली की फवारणीही फुकट आणि बोंडही. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली, मिटलेली फुलं) दिसली, की त्याच दिवशी औषध आणा. ही तारीख पेरणीआधी कुणालाच सांगता येत नाही, आणि संचाची खरी अडचण हीच आहे. शिवाय एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की किडी त्याला दाद देईनाशा होतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक लवकर मारलं तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते, म्हणजे पुढची फवारणी आपणच ओढवून घेतो.

हातातला पैसा आधी निंदणी-कोळपणीला ठेवा. कीड येईल किंवा न येईल, तण मात्र येणारच, आणि पहिल्या 60 दिवसांतलं तण उत्पन्नाला सर्वांत जास्त मारतं. गाजरगवतासारखी तणं पिठ्या ढेकूण या किडीलाही आसरा देतात. या खर्चात काटकसर मला मान्य नाही.

ऐन वेळी रोकड कमी पडेल ही तुमची भीती रास्त आहे. त्यासाठी बँकेत ठेवीवर ओव्हरड्राफ्टची सोय करून ठेवा. ठेव चालू राहते आणि जेवढी रक्कम उचलाल, जेवढे दिवस वापराल, तेवढ्यावरच व्याज लागतं. फरदडीसाठी (हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून पुन्हा कापूस घेण्यासाठी) मात्र यातला एक पैसाही उचलू नका. पीक वेळेवर काढून पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) शेताबाहेर काढली, तर बोंडअळीचा पुढच्या हंगामातला खर्च आत्ताच कमी होतो.